नांदायला तयार आहात का?

गेल्या आठवड्यात मानेवाड्याकडची एक तरुणी वडिलांना सोबत घेऊन माझ्याकडे आली. तिच्या नवऱ्याने घटस्फोटाची याचिका दाखल केली आहे, तिला समन्स मिळाले आहे आणि लवकरच विवाह समुपदेशकांसमोर पहिली तारीख आहे. कागद टेबलावर ठेवायच्या आधीच तिने विचारले, "मॅडम, कौन्सिलिंगच्या तारखेला काय बोलायचं ते सांगून द्या ना." हा प्रश्न मी नागपुरात कौटुंबिक प्रकरणांची वकिली सुरू केल्यापासून, म्हणजे वीस वर्षांहून अधिक काळ, ऐकत आले आहे. त्यातली बरीच वर्षे मी या प्रश्नाचे उत्तरही देत आले आणि त्या उत्तराने मी अनेकांचे नुकसान केले, असे आता माझे मत झाले आहे. त्याविषयी सविस्तर लिहायचे बरेच दिवस मनात होते.

न्यायालयाच्या आदेशाने होणारे समुपदेशन ही कोणा न्यायाधीशांच्या मर्जीने सुरू झालेली पद्धत नाही. विधी आयोगाने १९७४ मध्ये दिलेल्या ५९व्या अहवालात असे म्हटले होते की, कुटुंबातील वाद इतर दिवाणी दाव्यांसारखे चालवू नयेत आणि सुनावणीला बसण्यापूर्वी न्यायालयाने समेटाचा प्रामाणिक प्रयत्न करावा. पुढे १९७६ मध्ये दिवाणी प्रक्रिया संहितेत कौटुंबिक दाव्यांसाठी स्वतंत्र आदेश आला आणि १९८४ मध्ये कुटुंब न्यायालय कायदा झाला. या कायद्याचे कलम ९ न्यायालयावर समेटाच्या प्रयत्नाचे कर्तव्य टाकते आणि कलम ६ त्यासाठी समुपदेशक नेमण्याची तरतूद करते. कायदा कोणत्याही एका धर्मापुरता नाही. हिंदू, बौद्ध, मुस्लिम, ख्रिस्ती, विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलेले, असे सगळेच त्या एका दारातून आत जातात. आपल्या महाराष्ट्रात पुणे आणि मुंबई येथे १९८९ मध्ये कुटुंब न्यायालये सुरू झाली आणि समाजकार्याचे शिक्षण घेतलेल्या विवाह समुपदेशकांची नेमणूक हा या न्यायालयांचा महत्त्वाचा भाग राहिला. याच कायद्याच्या कलम १३ नुसार पक्षकाराला वकील लावण्याचा हक्कच नाही, न्यायालयाच्या परवानगीनेच वकील उभा राहतो. कायदा करणाऱ्यांना पहिल्यांदा माणसांना बोलू द्यायचे होते, आम्हांला नव्हे, हे त्यातून स्पष्ट दिसते.

प्रत्यक्षात काय होते? माणूस समुपदेशकांच्या खोलीत एकटा जातो, पण जे बोलतो ते वकिलाने पाठ करून दिलेले असते. बायको सांगते, "मी नांदायला तयार आहे." नवरा सांगतो, "मी न्यायला तयार आहे." हे ऐकून कोणालाही वाटावे की प्रश्न मिटला, आता फक्त रिक्षा बोलवायची बाकी आहे. वस्तुस्थिती अशी असते की दोघांनाही एकमेकांचे तोंड पाहायचे नसते आणि दोघांचीही ती वाक्ये पोटगीच्या अर्जाकडे डोळा ठेवून म्हटलेली असतात. सबळ कारण नसताना पत्नीने नांदायला नकार दिला तर तिची पोटगी अडचणीत येऊ शकते. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये ही अट होती, आजच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्येही आहे. म्हणून बायकोच्या वकिलाने तिला "नाही म्हणू नको" असे बजावलेले असते आणि नवऱ्याच्या वकिलाने त्याला "घेऊन जातो असंच म्हण, तीच नाही म्हणेल" असे शिकवलेले असते. वास्तविक सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे की, नांदायला जाण्याचा हुकूम पतीच्या बाजूने झालेला असला आणि पत्नी तरीही गेली नसली, तरी तेवढ्यावरून तिची पोटगी आपोआप नाकारता येत नाही. तिच्याकडे न जाण्याचे योग्य कारण आहे का, हे पाहावेच लागते. तरीही जुनी भीती वकिलांच्या आणि पक्षकारांच्या मनातून गेलेली नाही.

इथे मला 'नांदणे' या शब्दावरच थोडे थांबावेसे वाटते. ज्ञानोबांच्या काळापासून चालत आलेला हा सुंदर शब्द आहे; सुखाने राहणे, भरभराटीने राहणे असा त्याचा अर्थ. लग्नाच्या व्यवहारात मात्र आपण तो फक्त बाईला लावतो. ती नांदायला जाते, तो तिला नांदवतो. "तुम्ही नांदायला तयार आहात का?" हा प्रश्न मी आजवर कोणत्याही नवऱ्याला विचारलेला ऐकला नाही. समुपदेशनाची सुरुवातच जर या प्रश्नाने झाली, तर कोणी कोणाच्या घरी परत जायचे आणि चूक कोणी पोटात घालायची, हे पहिले उत्तर येण्याच्या आधीच ठरून गेलेले असते.

दुसरी अडचण भीतीची आहे. आपण आत जे बोलू ते उद्या आपल्याविरुद्ध वापरले जाईल, असे बहुतेक पक्षकारांना वाटते. महाराष्ट्रातील नियम याच्या अगदी उलट आहेत. समुपदेशकांसमोर केलेली विधाने, त्यांनी घेतलेल्या नोंदी आणि त्यांना मिळालेली माहिती गोपनीय मानली जाते आणि दोन्ही पक्षांच्या संमतीशिवाय ती न्यायालयापुढे उघड करायला त्यांना भाग पाडता येत नाही. मुलांच्या ताब्यासारख्या प्रश्नात घरच्या वातावरणाबद्दल न्यायालय त्यांच्याकडून अहवाल मागवू शकते, तो भाग वेगळा. ही साधी गोष्ट पक्षकाराला आधी कोणी समजावून सांगत नाही. मीही कित्येक वर्षे सांगितली नाही. परिणामी लोक खिशात मोबाईलचे रेकॉर्डिंग सुरू ठेवून आत जातात, आणि समोरचाही तसेच करतो आहे या संशयाने तोंड मिटून बसतात. चार भिंतींच्या आत निर्भयपणे बोलता यावे म्हणून केलेली सोय अशी भीतीमुळेच निरुपयोगी होते.

या खोलीत काय घडू शकते याची मला खरी जाणीव एका प्रकरणाने करून दिली. ओळख लपावी म्हणून तपशील थोडे बदलून सांगते. नवरा हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला होता आणि पत्नी शिवणकाम करायची. मी पत्नीची वकील होते. याचिकेत मी क्रूरतेचे एकामागून एक परिच्छेद लिहिले होते: सासूचे टोमणे, दिराच्या लग्नासाठी मोडलेले दागिने, दिवाळीला माहेरी जाऊ न देणे. सगळे खरेच होते. समुपदेशकांसमोर दोन बैठका अशाच गेल्या, प्रत्येक आरोपाला प्रत्यारोप. तिसऱ्या बैठकीत समुपदेशक बाईंनी दोघांच्याही फाइली बाजूला ठेवायला सांगितल्या आणि पत्नीला विचारले की, या घरात आता आपले कोणी नाही असे तिला पहिल्यांदा कोणत्या दिवशी वाटले. ती बराच वेळ बोलली नाही. मग तिने सांगितले की, दुसऱ्या खेपेला गर्भपात झाला तेव्हा ती दवाखान्यात होती, सुट्टी मिळाली त्या दिवशी सकाळपासून पिशवी भरून पलंगावर बसून राहिली, आणि संध्याकाळी वॉर्डातल्या आयाबाईने तिला ऑटोत बसवून दिले. हा प्रसंग माझ्या याचिकेत नव्हता. तिने मला तो कधी सांगितलाच नव्हता, कारण मी तो विचारला नव्हता. मी तिला 'मुद्दे' विचारले होते.

तिचा नवरा त्या दिवशी काय करत होता, हे तिलाही तिथेच पहिल्यांदा कळले. त्याची दुसरी पाळी होती, सुपरवायझरने सोडले नव्हते, आणि आई जाऊन तिला घेऊन येईल असे तो गृहीत धरून बसला होता. आई गेली नाही हे त्याला रात्री कळले आणि त्याबद्दल बोलायची लाज वाटल्याने तो कधीच बोलला नाही. ती लाज पुढे चिडचिडीत बदलली. हे सगळे बाहेर आल्यावर दोघे परत एकत्र आले का, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. नाही आले. पुढच्या दोन बैठकांत दोघांनाही जाणवले की मधल्या पाच वर्षांत फार काही तुटून गेले आहे. परंतु त्यानंतर त्यांच्यातले भांडण बदलले. एकमेकांना हरवायची गरज संपली. परस्परसंमतीने घटस्फोट झाला, दागिन्यांचा हिशोब एका दुपारी मिटला, आणि मुलीने आठवडा आईकडे आणि रविवार बाबांकडे घालवायचा हे ठरवायला कोणाला उलटतपासणीची गरज पडली नाही. कागदोपत्री त्या प्रकरणात 'समेट झाला नाही' असाच शेरा असणार. माझ्या मते ते मी पाहिलेले सर्वांत यशस्वी समुपदेशन होते.

म्हणूनच समुपदेशनाचे यश किती 'संसार वाचले' यावर मोजले जाते तेव्हा मला काळजी वाटते. लोकअदालतीनंतर इतक्या जोडप्यांचे पुन्हा मनोमिलन झाले, हार घालून पेढे वाटले, अशा बातम्या आपल्याकडे आवडीने छापल्या जातात. त्या जोडप्यांचे सहा महिन्यांनी काय झाले, हे विचारायला कोणी जात नाही. आकड्यासाठी काम करायला लावले की चांगला समुपदेशकही नकळत ढकलू लागतो, आणि ढकलले जाते ते ज्याची बाजू कमकुवत असते त्यालाच.

नागपूरकर म्हणून या ठिकाणी मला एका गोष्टीची आठवण करून द्यावीशी वाटते. हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा कायदेशीर हक्क आपसूक मिळालेला नाही. त्यासाठी हिंदू कोड बिल मांडणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना ते मंजूर होत नाही हे पाहून १९५१ मध्ये कायदामंत्रिपद सोडावे लागले, आणि पुढे १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा झाला. त्याच्या पुढच्याच वर्षी बाबासाहेब आपल्या या शहरात दीक्षाभूमीवर आले. क्रूरता हे घटस्फोटाचे कारण व्हायला तर १९७६ सालची दुरुस्ती यावी लागली, आणि परस्परसंमतीचा घटस्फोटही त्याच दुरुस्तीने आला. इतक्या कष्टाने उघडलेले हे दार समुपदेशनाच्या नावाखाली पुन्हा लोटून घेतले जाता कामा नये, असे मला मनापासून वाटते.

या कायद्यातच एक विसंगती आहे. हिंदू विवाह कायद्याचे कलम २३(२) सांगते की, न्यायालयाने शक्य तिथे समेटाचा प्रयत्न करावा. मात्र काही कारणांवर मागितलेल्या घटस्फोटाला त्यातून वगळले आहे. जोडीदाराने धर्मांतर केले, त्याला गंभीर मानसिक आजार आहे, त्याने संन्यास घेतला किंवा सात वर्षे त्याचा पत्ताच नाही, अशा वेळी समेटाचा प्रयत्न करण्याचे हे बंधन नाही. या वगळलेल्या यादीत क्रूरता नाही. म्हणजे संन्यास घेतलेल्या नवऱ्याशी समेट करायला कायदा सांगत नाही, पण हात उगारणाऱ्या नवऱ्याबरोबर एका टेबलावर बसून बोलायला सांगतो. क्रूरतेचा प्रत्येक आरोप मारहाणीचा नसतो आणि प्रत्येक आरोप खराही नसतो, हे मी वकील म्हणून चांगले जाणते. तरीही ज्या प्रकरणात वैद्यकीय कागद आहेत, पोलिसांत तक्रार आहे, तिथे पहिल्याच दिवशी दोघांना समोरासमोर बसवणे चूक आहे.

हे मी ऐकीव सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी विदर्भातल्याच एका न्यायालयात माझी एक पक्षकार होती. तिला मारहाण होत असे हे मला ठाऊक होते. समुपदेशनात तिला सांगण्यात आले की, मुलांकडे पाहून एकदा परत जाऊन पाहा, महिनाभर राहा, जमले नाही तर न्यायालय आहेच. ती माझ्याकडे पाहत होती. मी मान हलवली. पोटगीच्या अर्जाला तिची ही तयारी उपयोगी पडेल, असा माझा हिशोब होता. ती गेली आणि तिसऱ्या महिन्यात मनगट प्लास्टरमध्ये घेऊन परत आली. समुपदेशकांना मी त्या वेळी मनातल्या मनात बरेच दोष दिले, पण ते मान हलवणे माझे होते.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा या बाबतीत बराच शहाणा आहे. त्याचे कलम १४ दंडाधिकाऱ्यांना दोघांना एकत्र किंवा वेगवेगळे समुपदेशनाला पाठवण्याचा अधिकार देते आणि तसे पाठवल्यास पुढची तारीख दोन महिन्यांच्या आत ठेवायला सांगते. त्याखालचे २००६ चे नियम तर स्पष्टच आहेत. तिथले समुपदेशन हिंसा पुन्हा घडणार नाही याची हमी मिळवण्यासाठी आहे, हिंसेचे समर्थन करणारी सबब पुढे करायला पुरुषाला तिथे मुभा नाही, आणि तडजोडीचा प्रयत्न पीडित स्त्रीची तशी इच्छा असेल तरच करायचा आहे. "तिनं उलट उत्तर दिलं म्हणून हात उचलला" हे वाक्य त्या खोलीत ऐकूनच घ्यायचे नाही, असा याचा अर्थ. कुटुंब न्यायालयांतही हीच शिस्त लागू करायला कोणती अडचण आहे, हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही.

आपल्याकडे समुपदेशन म्हटले की लोकांना घरातली 'बैठक' आठवते, हेही अनेक गैरसमजांचे मूळ आहे. विदर्भात लग्न बिनसले की दोन्हीकडची सोयरी मंडळी सतरंजी अंथरून बसतात. मामा, मोठे काका, लग्न जुळवणारे मध्यस्थ, गावातले एखादे प्रतिष्ठित. जिचे लग्न आहे ती आतल्या खोलीत असते. शेवटी कोणीतरी म्हणते, "झालं गेलं सोडा न बाप्पा," आणि चहा येतो. या बैठकांनी काही घरे सावरली आहेत, हे मी नाकारत नाही. पण त्यात दोन घराण्यांची अब्रू सांभाळली जाते, दोन माणसांचे म्हणणे ऐकले जात नाही. पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये होणाऱ्या समुपदेशनाचाही लोक यातच घोळ करतात. ते गुन्हा नोंदवण्याच्या आधीच्या टप्प्यावरचे असते. न्यायालयाच्या आदेशाने होणारे समुपदेशन या दोन्हींपेक्षा निराळे आहे, कारण तिथे बसलेली प्रशिक्षित व्यक्ती ना मुलाकडची असते ना मुलीकडची. म्हणून नातेवाइकांना पहिल्या बैठकीत दाराबाहेर ठेवले जाते, ते योग्यच आहे. बाहेरच्या बाकावरून आत डोकावणारे आईवडील मी रोज पाहते. त्यांची तळमळ खरी असते, तरीही त्यांनी बाकावरच बसावे.

एक प्रश्न वेळेचा. परस्परसंमतीच्या घटस्फोटात अर्जानंतर किमान सहा महिने थांबण्याची अट आहे. ही अट अगदी अपरिवर्तनीय नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये सांगितले. मात्र ती माफ करण्यापूर्वी जे तपासायचे, त्यात समेटाचे सर्व प्रयत्न फसले आहेत का, हेही आहे. याचा एक अनपेक्षित परिणाम मला दिसतो. ज्यांना लवकर मोकळे व्हायचे आहे त्यांच्यासाठी समुपदेशन म्हणजे 'फेल' शेरा मिळवण्याची खिडकी झाली आहे. दहा मिनिटांत दोघे बाहेर येतात आणि आपापल्या वकिलाला अंगठा दाखवतात. दोघांचे खरेच ठरलेले असेल तर त्यांना अडवून ठेवण्यात अर्थ नाही. पण त्याच दहा मिनिटांत मुलाच्या शाळेचा, आजीआजोबांच्या भेटींचा, आजारपणात निर्णय कोणी घ्यायचा याचा विषयही निघत नाही, आणि दोन वर्षांनी तीच माणसे मुलाच्या ताब्याचा अर्ज घेऊन परत येतात.

याच्या उलट टोकाला अंतराचा प्रश्न आहे. आज नागपूरची कितीतरी मुले-मुली पुण्यात, बंगळूरला, हैदराबादला नोकरीला आहेत. पुणे इथून सुमारे ७०० किलोमीटर. समुपदेशनाच्या तारखेसाठी रजा काढून रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला समोरचा आलाच नाही असे कळते, तेव्हा उरलासुरला सद्भावही संपतो. वैवाहिक प्रकरणात दूरदृश्य प्रणालीचा वापर समेटाचा प्रयत्न फसल्यानंतर आणि दोघांची संमती असेल तर व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये बहुमताने ठरवले. त्यानंतर करोनाने आपल्याला कितीतरी गोष्टी पडद्यावर करायला शिकवल्या. माझे मत असे की, पहिली भेट समोरासमोरच व्हावी आणि ती प्रत्येकाशी स्वतंत्रपणे व्हावी. नंतरच्या बैठकांना दोघांची तयारी असल्यास पडद्याची मुभा असावी.

समुपदेशकांविषयीही लिहिले पाहिजे. एका दिवसात अनेक जोडपी, प्रत्येकाचा वर्षानुवर्षांचा राग, बाहेर मे महिन्याचे ऊन आणि आत कुरकुरणारा पंखा, अशा स्थितीत ही माणसे काम करतात. कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये मातृसेवा संघ उभा केला ते हे शहर आहे. त्याच संस्थेचे समाजकार्य महाविद्यालय इथे पिढ्यानपिढ्या कार्यकर्ते घडवत आले आहे. माणसांची वानवा नाही, पदे पुरेशी नाहीत. वकील संघाच्या बैठकीत आम्ही न्यायाधीशांच्या रिक्त पदांवर तावातावाने बोलतो. समुपदेशकांच्या पदांवर कोणी बोललेले मला आठवत नाही. हा विषय मी या वर्षी लेखी मांडणार आहे, आणि कुटुंब न्यायालयात काम करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनी त्यावर सह्या कराव्यात, अशी त्यांना इथूनच विनंती आहे.

गेल्या आठवड्यात आलेल्या त्या मुलीला मी काय बोलायचे ते सांगितले नाही. आत बोललेले गोपनीय राहील हे सांगितले. मोबाईल बंद ठेवायला सांगितले. नवऱ्याची भीती वाटत असेल तर वेगळे बसून बोलायची मागणी करता येते आणि ती तक्रार समजली जात नाही, हेही सांगितले. "नांदायला तयार आहात का?" असे विचारले तर जे खरे असेल ते सांग, पोटगीचे मी पाहून घेईन, असे म्हटल्यावर तिचे वडील माझ्याकडे संशयाने पाहू लागले. त्यांना बहुधा दुसरा वकील बरा वाटला असेल. निघताना तिने सवयीने फाईल उचलली. मी म्हटले, त्या दिवशी ही माझ्याजवळच राहू दे.